पवित्र टेकडीवरचा अर्धा मनोरा

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की वाघोली-खराडीच्या कितीतरी गाड्या गोव्याला लागतात. कळंगुट-बागा आटोपलं की परतीच्या वाटेवर जुनं गोवं. बॉम जेझूत झेवियरची चांदीची पेटी खालूनच पाहायची, से कॅथेड्रलपुढे फोटो काढायचे, की निघाली मंडळी. बॉम जेझूच्या पश्चिमेला चढावर एक टेकडी आहे, तिला पोर्तुगीज ‘मोन्ते सांतो’, पवित्र टेकडी म्हणत. तिकडे फार कुणी वळत नाही. माझ्या मते जुनं गोवं समजून घ्यायचं तर सुरुवात तिथूनच करावी.

वर पोचल्यावर दिसतो तो सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा उरलेला मनोरा. उंची ४६ मीटर, म्हणजे वाघोलीत सध्या उठणाऱ्या पंधरा मजली इमारतीइतकी. जवळ जाऊन पाहिलं की उघड्या जांभ्याची भोकं दिसतात, भेगांतून गवत फुटलेलं दिसतं. आतल्या जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत. कुणाचं घराण्याचं चिन्ह शाबूत, कुणाचं नाव पावसाने पुसलेलं. एका कोनाड्यात पोर्तुगालहून आणलेल्या रंगीत फरशांचे तुकडे अजून भिंतीला धरून आहेत.

ऑगस्टिनियन पंथाचे साधू गोव्यात आले १५७२ मध्ये. हे चर्च उभं राहिलं १६०२ मध्ये. ते पाडलं कुणा शत्रूने नाही, लिस्बनच्या एका फर्मानाने. मे १८३४ मध्ये मंत्री जोआकिम आन्तोनिओ द आगियार याने पुरुषांचे सगळे मठ बंद करून त्यांची मालमत्ता सरकारजमा केली. लोकांनी त्याचं नाव ‘साधूमाऱ्या’ पाडलं. १८३५ मध्ये गोव्यात अंमलबजावणी झाली, साधू गेले आणि डागडुजी थांबली. गोव्याच्या पावसाला एवढं पुरतं. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा. घंटा मात्र आधीच उतरवली होती. आग्वादमार्गे ती १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये पोचली, आणि आजही तिथेच आहे.

शेजारच्या सांता मोनिकाच्या जोगिणींना हाकललं नाही, फक्त नवीन कुणाला घ्यायचं नाही असं ठरलं. शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली आणि मठ आपोआप बंद झाला. यातला थंडपणा मला हाकलण्यापेक्षा जास्त बोचतो.

मठ बंद करून मालमत्ता सरकारजमा करण्याचं काम इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनेही १५३६ ते १५४० या काळात केलं होतं. मठांच्या छपरांचं शिसंसुद्धा उतरवून विकलं. पण तिथे उत्तरेकडची गावं उठली, रॉबर्ट ॲस्क नावाच्या वकिलामागे हजारो लोक निघाले, आणि १५३७ मध्ये यॉर्कला त्याला फाशी झाली. गोव्यात अशी आग पेटली ती मठ बंद होण्याच्या अडीचशे वर्षं आधी, आणि तीही उलट बाजूने. त्याही आधी तिसवाडीतली देवळं पाडून त्यांच्या जमिनींचं उत्पन्न १५४१ मध्ये चर्चकडे वळवलं गेलं होतं. लिस्बनने पुढे चर्चच्या मठांचं जे केलं, त्याचा पहिला धडा चर्चच्याच नावाने इथल्या देवळांवर गिरवला गेला होता, हे त्या टेकडीवर उभं असताना विसरता येत नाही.

फरक पडला तो लोकांमुळे. देवळं गेली तरी लोकांनी देव वाचवले. १५६० मध्ये कुठ्ठाळीचा मंगेश रातोरात नदीपार, आदिलशाही मुलखात गेला. तेच आजचं मंगेशी. कुंकळ्ळीच्या गावकरांनी तर थेट हत्यार उचललं. जुलै १५८३ मध्ये त्यांनी पाच जेझुइट पाद्री मारले. पाद्र्यांचा म्होरक्या रुदोल्फ आक्वाविवा अकबराच्या दरबारात राहून आलेला. पोर्तुगिजांनी बोलणीच्या निमित्ताने सोळा गावकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि एक सोडून सगळ्यांना ठार केलं. तो एकटा साळ नदीत उडी टाकून निसटला. त्यानंतर कर भरायला नकार देत गाव धुमसत राहिलं.

परत टेकडीकडे यायचं, तर तिथे हाडं होती ती जॉर्जियाच्या राणी केतेवानची. १६२४ मध्ये शिराझला इराणच्या शहा अब्बासने तिला मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी अवशेष इथे आणून पुरले. उत्खननात सापडलेलं हाड तिचंच असल्याचा निर्वाळा हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासून दिला, आणि २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला भेट दिलं. मठ मोडला नसता तर ते उकरायची वेळ आली नसती.

जमलं तर शिमग्याच्या दिवसांत जा. सकाळी टेकडी पाहून पुढे दक्षिणेला कुंकळ्ळी गाठता येते. फाल्गुन पंचमीला शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याहून आपल्या मूळ जागी येते, तिच्यापुढे गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, बारा रंगीत छत्र्या नाचतात, आणि त्या गर्दीत कुंकळ्ळीचे ख्रिस्ती गावकरही असतात.