8.10 चं विमान

जुना लॅपटॉप विकायला काढण्याआधी फोल्डर चाळत होते, तेव्हा ऑगस्ट 2018 चा एक स्क्रीनशॉट सापडला. ‘एअरपोर्ट सीईओ’ या गेममधला माझा पहिला विमानतळ. दोन स्टँड, दोन चेक-इन काउंटर आणि काउंटरपासून थेट टर्मिनलच्या दारापर्यंत गेलेली रांग. घड्याळात सकाळचे 8 वाजून 4 मिनिटं झालेली. 8.10 चं विमान सहा मिनिटांत सुटणार होतं आणि त्याचे निम्म्याहून जास्त प्रवासी अजून हातात बॅगा घेऊन उभे होते.

अपोॲप्सिस स्टुडिओज या स्वीडिश कंपनीचा हा गेम 2017 मध्ये अर्धवट अवस्थेतच खेळाडूंच्या हाती आला आणि जानेवारी 2021 मध्ये पूर्ण झाला. त्याच्याबरोबर माझंही शिक्षण होत गेलं. धावपट्टी आखणं, दुकानं मांडणं ही मजेची कामं. मी अडकले ती काउंटर किती लागतील या एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर.

पहिला हिशेब मी घरखर्चाच्या वहीसारखा केला होता. दिवसाला सहा विमानं, प्रत्येकी दीडशे प्रवासी, म्हणजे 900 माणसं. माणशी दोन मिनिटं धरली तर 1,800 मिनिटं, म्हणजे 30 तासांचं काम. विमानतळ 18 तास चालू. दोन काउंटर मिळून 36 तास देतात. वर सहा तास शिल्लक! स्वतःवर खूश होऊन मी 8.10 आणि 8.25 ला दोन विमानं लावली. त्या एका सकाळीच 300 माणसं आली, म्हणजे दोन काउंटरांना प्रत्येकी पाच तासांचं काम. दुपारी तेच काउंटर माशा मारत बसले होते, पण दुपारचा रिकामा वेळ सकाळच्या प्रवाशाच्या काय कामाचा? लग्नाच्या पंगतीला दिवसभराची सरासरी काढून पानं मांडत नाहीत. अक्षता पडल्या की सगळे एकदमच जेवायला येतात.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. 2019 च्या सुरुवातीच्या विमानतळावर ओळीनं बारा काउंटर. रांग नाहीशी झाली आणि दोन दिवसांनी शिल्लक रक्कमही. काउंटर बांधून भागत नाही, त्याच्यामागे माणूस लागतो, त्याला पगार लागतो आणि दमल्यावर टेकायला स्टाफरूम लागते. शिवाय प्रवासी चेक-इनमधून झटपट सुटले ते थेट सुरक्षा तपासणीपुढे जाऊन साचले. आगीतून फुफाट्यात. रांग मी संपवली नव्हती, फक्त तीस पावलं पुढे सरकवली होती.

त्यानंतर वही आली. तासाऐवजी अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने पाडले आणि एकाच विमानाचा हिशेब नव्यानं मांडला. दीडशे प्रवासी, चेक-इनची मुदत दोन तास. सरासरीनं अडीच, म्हणजे तीन काउंटर. पण माणसं सारख्या गतीनं येत नाहीत. समजा, मधल्या अर्ध्या तासात निम्मी, म्हणजे 75 जणं आली. तीन काउंटर तेवढ्या वेळात 45 जणांना मोकळं करतात. तीस उरतात आणि त्यांतल्या शेवटच्याला वीस मिनिटं थांबावं लागतं. रांग अजिबात नको असेल तर पाच काउंटर हवेत आणि त्यांतले दोन उरलेला दीड तास जवळजवळ रिकामे राहणार. खऱ्या विमानतळांसाठी आयएटीए ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना साध्या वर्गाच्या चेक-इनला 10 ते 20 मिनिटांची वाट योग्य मानते, हे वाचलं तेव्हा हायसं वाटलं. म्हणजे रांग असणं हा गुन्हा नव्हता. ती किती चालवून घ्यायची, हे आधी ठरवायचं असतं.

याच काळात एर्लांग भेटला. आग्नर एर्लांग, कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतला गणिती. एकाच वेळी किती फोन येतील आणि त्यासाठी किती लाइन लागतील, या प्रश्नावरचा त्याचा लेख 1909 चा. रांगांचं गणित तिथून सुरू झालं. त्यातला एक हिशेब मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवला आहे. माणसं अनियमितपणे येतात आणि प्रत्येकाला लागणारा वेळही सरासरी दोन मिनिटं, पण कमी-जास्त असतो असं धरलं, तर एकच काउंटर निम्मा वेळ कामात असताना सरासरी वाट दोन मिनिटांची. ऐंशी टक्के कामात असेल तर आठ मिनिटं, नव्वद टक्क्यांना अठरा आणि पंचाण्णवला अडतीस. काउंटर जितका ‘पुरेपूर वापरात’ आणावा, तितकी रांग बेफाम वाढते. माझ्या पहिल्या हिशेबात शिल्लक राहिलेले ते सहा तास म्हणजे चैन नव्हती. शिल्लक हवीच होती, फक्त ती सकाळी हवी होती.

2020 च्या मार्चमध्ये खरी विमानं थांबली आणि मी घरात बसून टर्मिनलं बांधत राहिले. 25 मे रोजी देशांतर्गत उड्डाणं पुन्हा सुरू झाली, तेव्हा वेब चेक-इन सक्तीचं होतं. ज्या काउंटरांची संख्या ठरवण्यात माझी दोन वर्षं गेली, ते काउंटर जगानं वळसा घालून टाळले होते. तरी बॅगा होत्याच आणि त्या फोनमधून पाठवता येत नाहीत. रांगेचं नाव बदललं, इतकंच.

उपाय शेवटी बांधकामात नव्हताच, तो वेळापत्रकात होता. 2021 च्या विमानतळावर मी दुसरं विमान पहिल्यानंतर पंधरा मिनिटांऐवजी पन्नास मिनिटांनी लावलं. दोघांचा गर्दीचा अर्धा तास वेगळा पडला. काउंटर दोन्ही स्टँडचे वेगळे असले तरी त्यांच्यामागची माणसं तीच, ती एकीकडून उठून दुसरीकडे बसू लागली. सुरक्षेपुढचा साठाही ओसरला. एक वीटही न लावता! खऱ्या विमानतळांनी हीच वाटणी जागेची केली आहे. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकच्या वेळी एकच काउंटर वेगवेगळ्या विमान कंपन्यांना आळीपाळीनं वापरता येईल अशी यंत्रणा पहिल्यांदा बसवली गेली. तीच पद्धत पुढे जगभर पसरली.

मागच्या वर्षी आईबरोबर भल्या पहाटे विमानानं निघाले होते. आमच्या रांगेत पंधरा-सोळा जणं आणि शेजारी दोन काउंटर बंद. आई म्हणाली, “अगं, ती दोन माणसं बसवायला काय जातंय यांचं?” मी घड्याळ पाहिलं, डोकी मोजली. चार काउंटर, माणशी दोन मिनिटं. “आठ मिनिटं लागतील,” म्हटलं. नऊ लागली. आईला ते बंद काउंटर हलगर्जीपणा वाटत होते. मला मात्र अजून न आलेल्या कुठल्यातरी विमानासाठी राखून ठेवलेली पानं दिसत होती.

लॅपटॉप विकला. स्क्रीनशॉट तेवढा ठेवून घेतला आहे. आता तो पाहिला की तिसरा काउंटर कुठे बसवावा हे मनात येत नाही. 8.25 चं विमान उचलून नऊला ठेवावंसं वाटतं.