नव्या घरात जाण्याआधी माळा उतरवा

सुगी उरकली, माल बाजारात गेला, की गावोगावी वास्तुशांतीचे बेत ठरू लागतात. माळवदाचे जुने घर सोडून तुम्ही यंदा स्लॅबच्या घरात जाणार असाल, तर आनंद आहे. पण मुहूर्ताच्या आदल्या दिवशी ट्रॉली लावायची, हाती लागेल ते भरायचे आणि उरेल ते पेटवून द्यायचे, अशी जी रीत पडली आहे ती मोडा. आवराआवर पंधरा दिवस आधी सुरू करा. घरातल्या बायामाणसांना विचारल्याशिवाय एकही वस्तू बाहेर काढू नका. कुठल्या गाडग्यात काय आहे, हे त्यांनाच ठाऊक असते.

पहिल्यांदा पत्र्याची पेटी उघडा. याबाबत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. आमचे गावाकडचे घर पाडले तेव्हा मी नोकरीच्या गावी होतो. आजोबांच्या पेटीतले कसरीने खाल्लेले कागद धाकट्या भावाने बंबात घातले. त्याला तरी काय म्हणू? ‘जुने कागद कशाला ठेवतोस?’ असे मीच म्हणालो होतो. पुढे पुतणीला जातीच्या दाखल्यासाठी आजोबांचा शाळेचा दाखला लागला. शाळेत त्या सालचे रजिस्टर सापडेना. आठ महिने हेलपाटे घातले, तेव्हा कुठे तहसील कचेरीतल्या जुन्या कोतवाल बुकात चुलत आजोबांची नोंद मिळाली. तोवर पोरीचे एक वर्ष गेले होते.

म्हणून नीट ध्यानात घ्या. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त व भटक्या जमातींना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा विचारला जातो. तो पुरावा म्हणजे बहुधा आजा-पणजाचा असा एखादा पिवळा कागदच असतो. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफाराच्या नकला, मोजणीचा नकाशा, कर्ज फिटल्याचा सोसायटीचा दाखला, हेही सांभाळा. सातबारा आज संगणकावर निघतो हे खरे, पण भावकीत बांधाचा वाद निघाला की मूळ कागद शोधावा लागतो. मोडीतले कागद आपल्याला वाचता येत नाहीत. तेवढ्यासाठी ते चुलीत घालू नका. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत.

आता माळ्यावर चढा. तिथे अर्ध्या भरलेल्या औषधाच्या बाटल्या निघतील. ‘पुढच्या हंगामाला होईल’ म्हणून आपण त्या ठेवतो आणि मुदत कधीच संपून जाते. त्यातली काही औषधे तर बंदी आलेली असतात. बीएचसी पावडर 1997 साली बंद झाली, एंडोसल्फान 2011 साली. थिमेट म्हणून आपण ओळखतो ते फोरेट 2020 अखेर वापरातून गेले. माझ्या खात्यातल्या एका सहकाऱ्याच्या माळ्यावरही मी बीएचसीची पिशवी पाहिली आहे, तेव्हा बोल एकट्या तुम्हाला लावत नाही. पण हे विष नव्या घरात नेऊ नका. सामान हलवताना बाटली खाली येते, पोरे आसपास खेळत असतात, आणि सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलेले औषध तर ओळखूही येत नाही. ते ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका, जाळूही नका. मूळ डब्यात, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवा आणि विल्हेवाटीबद्दल दुकानदाराला व तालुका कृषी कार्यालयात विचारा. रिकामा डबा पाणी भरायला कुणाला देऊ नका, फोडून टाका.

बळदातले जुने धान्य आणि पोती जशीच्या तशी नेलीत, तर सोंडेही तुमच्याबरोबर गृहप्रवेश करतील. धान्य चाळून कडक उन्हात वाळवा. पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवा, फाटकी टाका. बियाण्याचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सोयाबीनचे सत्तरपेक्षा कमी उगवले, तर ते बियाणे म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. कांद्याचे बी तर वर्षाच्या पुढे भरवशाचे नसते.

लाकडावर हातोडी मारून पाहा. पोकळ वाजले तर आत वाळवी आहे. ती तुळई नव्या घराच्या भिंतीला टेकवू नका. तांब्यापितळेची भांडी मोडीत घालण्याआधी घरच्या काट्यावर वजन करून घ्या, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

बाकी काय न्यायचे ते तुमचे तुम्ही ठरवा. आमच्या आईने जाते सोडायला साफ नकार दिला. ‘आता कोण दळतंय, आई?’ म्हटले, तर म्हणाली, ‘तुम्ही नका दळू, मी नेणार.’ चौघांनी उचलून ते नव्या पडवीत ठेवले. गेल्या वैशाखात पुतणीच्या लग्नाची हळद त्यावरच दळली.