परदेशात खोली हवी. मित्राला काय सांगावे?



आपली मुले-मुली आता कृषी पदवीनंतर शिकायला जर्मनीपर्यंत जाऊ लागली आहेत. तेथील श्टुटगार्टचे होहेनहाइम विद्यापीठ मुळात शेतीच्याच शिक्षणासाठी निघाले. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिके बुडाली आणि दुष्काळ पडला. त्यातून शहाणे होऊन राजा विल्हेल्म पहिला याने १८१८ साली तेथे शेतीची शाळा काढली.

अशा ठिकाणी प्रवेश मिळाला म्हणजे घरात पेढे वाटले जातात. पण खरी धावपळ पुढेच असते, ती खोलीची. विद्यार्थी वसतिगृहे त्यातल्या त्यात स्वस्त. परंतु तेथे प्रतीक्षायादी मोठी असते. तेव्हा प्रवेशपत्र हाती पडताच मुलाने तेथे स्वतः अर्ज करावा. तो मित्रावर सोडू नये.

आता आधी गेलेल्या मित्राविषयी. 'माझ्यासाठी खोली बघ रे' एवढेच कळवणे म्हणजे वाणाचे नाव न सांगता बियाणे आणायला माणूस धाडणे होय. कोणत्या तारखेला येणार, किती महिने राहणार, जास्तीत जास्त भाडे किती झेपेल, स्वयंपाकघर सामाईक चालेल का, हे सारे स्पष्ट लिहावे. तेथे भाडे दोन तऱ्हांनी सांगतात. 'थंड भाडे' नुसत्या जागेचे. 'गरम भाड्यात' पाणी व खोली तापवण्याचा खर्च धरलेला असतो. कोणते ते विचारून घ्यावे. विजेचा खर्च पुष्कळदा निराळा असतो.

मित्राचा खरा उपयोग डोळ्यांचा. आपण दात पाहिल्याशिवाय बैल घेत नाही. तसेच मित्राने खोली समक्ष पाहिल्याशिवाय पैसे धाडू नयेत. 'मी परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल' असे कोणी कळवले, तर तो लबाड समजावा. उसाच्या बिलाचे किंवा कर्जाचे पैसे असे गेले, तर परत मिळणे कठीण. जर्मन कायद्याने अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देता येते.

दुसरी गोष्ट पत्त्याची. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो व त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो. असा दाखला मिळेल का, हे मित्राने आधीच विचारावे. शिधापत्रिकेवर नाव चढवावे तसे, न राहता मित्राच्या पत्त्यावर नाव लावणे तेथे बेकायदेशीर आहे, दंड होतो.

मित्राला काय मागू नये, हेही सांगतो. करारावर त्याची सही मागू नये. भाडे थकले तर तो अडकतो. अनामत त्याच्या खिशातून भरायला लावू नये. त्याच्या खोलीत महिनोन्महिने मुक्काम करू नये. घरमालकाची हरकत आली तर त्याचीच जागा जाईल. तोही शिकायलाच गेला आहे, परीक्षा त्यालाही आहेत.

खोली मिळालीच नाही, तर पहिल्या काही दिवसांसाठी युवा वसतिगृहात जागा राखून निघावे व तेथे पोचून शोध घ्यावा. पण 'त्याने आमच्या पोराचे काम केले नाही' म्हणून गावात त्याच्या आई-वडिलांशी अबोला धरू नये. बांधाला बांध लागून असतो. खोली चार महिन्यांत मिळेल, शेजार तुटला तर सांधायला वर्षे लागतात.