किती पडले?

लातूरच्या शिकवणी-वर्गांच्या वस्तीतील एका खोलीत, माझ्या एका स्नेह्यांच्या मुलाला भेटण्याच्या निमित्ताने, गेल्या हिवाळ्यात मी तासभर बसलो होतो. तीन खाटा, तीन टेबले, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेले टॉवेल आणि भिंतीवर पट्टीने रेघा आखून केलेले एक वेळापत्रक, ज्यात पहाटे पाचपासून रात्री साडेअकरापर्यंतचा प्रत्येक अर्धा तास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांच्या नावे लावलेला होता, एवढाच त्या खोलीचा सरंजाम. मुलगा मेसचा डबा उघडणार तोच गावाहून फोन आला, आणि वडिलांचा पहिला प्रश्न मलाही स्पष्ट ऐकू आला : “किती पडले?” रविवारच्या टेस्टचे गुण मुलाने खालच्या आवाजात सांगितले. पलीकडे क्षणभर कोणी बोलले नाही. फोन ठेवल्यावर मी निघेपर्यंत तो डबा तसाच बंद राहिला.

त्या वडिलांना दोष द्यावा असे माझ्या मनात मुळीच नाही. कोरडवाहू जमिनीच्या उत्पन्नावर शिकवणी, खोली आणि मेस यांचा खर्च भागवणाऱ्या माणसाला मुलाच्या गुणांखेरीज दुसरा भरवसा तरी कशाचा असणार? निजामी अमदानीत शिक्षणाच्या बाबतीत उपेक्षित राहिलेल्या मराठवाड्यातील मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत आणून बसवण्याची ‘लातूर पॅटर्न’ची कामगिरीही लहान नव्हे, तिने अनेक घरांचे दैन्य फिटले आहे. परंतु २०२४ साली नीट परीक्षेला देशभरातून २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा मात्र लाखाच्या थोड्या वर होत्या, म्हणजे वीसेक परीक्षार्थींमागे एक, हा हिशेब ध्यानात घेतला म्हणजे कोणी कितीही कष्ट केले तरी बहुसंख्यांच्या पदरी नकारच येणार, हे आरंभीच ठरलेले असते. अशा परीक्षेला मुलाच्या योग्यतेची आणि घराच्या इभ्रतीची एकमेव कसोटी मानणे, हा मूळ अपराध आहे. आणि तो आपणा सर्वांचा आहे.

‘थोडा धाक असल्याशिवाय मुले अभ्यास करीत नाहीत’ हा आपल्याकडचा जुना समज सर्वस्वी खोटा नाही, म्हणूनच तो इतका टिकून आहे. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांना दोन पेट्यांमधला फरक ओळखायला शिकवताना, चुकीच्या पेटीत शिरणाऱ्याला विजेचा झटका देण्याची योजना केली होती. फरक सहज कळण्याजोगा असला तर जोरदार झटक्याने उंदीर लवकर शिकत. पण फरक सूक्ष्म केला की तोच जोरदार झटका शिकण्याच्या आड येई आणि सौम्य झटकाच उपयोगी पडे. धाकाने पाढे पाठ होतील. जेथे दोन विकल्प जवळजवळ सारखे दिसतात आणि चुकल्यास गुण कापला जातो, तेथे मात्र धाक घातक ठरतो.

याचे कारण मेंदूच्या घडणीत आहे. तोंडी हिशेब करताना हातचा आपण जिथे धरून ठेवतो, त्या कार्यस्मृतीची जागा फार तोकडी असते. ‘नापास झालो तर बाबांना काय सांगू’ हा विचार त्या जागेत ठाण मांडून बसला, की प्रश्नासाठी जागाच उरत नाही. घरी सोडवलेले गणित परीक्षागृहात सुटत नाही, ते बहुधा यामुळे. तणाव महिनोन्महिने टिकला तर झोप उडते, आणि दिवसा वाचलेले मनात पक्के बसवण्याचे काम तर मेंदू झोपेतच करतो. रात्रीचे दोन तास कापून वाचनाला जोडणारा विद्यार्थी उजव्या हाताने मिळवतो ते डाव्या हाताने गमावतो.

येथे परीक्षेवरच सरसकट फिर्याद दाखल करण्याचा मोह होतो, आणि तो टाळला पाहिजे. २००६ साली रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा वाचल्यावर स्वतःची चाचणी घेणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो. चाचणी ही उत्तम तालीम आहे. तिचे गुण फलकावर नावानिशी लागले आणि त्या गुणांवरून तुकडी बदलली, की त्याच तालमीचा रोजचा खटला होतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरात २०२२ सालातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. अशा प्रत्येक मृत्यूमागे एकच कारण नसते आणि सारा दोष अभ्यासाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण ही संख्या वाचून शांत झोप लागावी अशी नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने समुपदेशक नेमावा आणि शिकवणी-वर्गांनी गुणांवरून तुकड्या पाडणे व मुलांची जाहीर मानहानी करणे टाळावे, असे बजावले आहे. आपल्या मुलाच्या वर्गात यांतले काय अमलात आले, हे फी भरणाऱ्या पालकाने कार्यालयात जाऊन विचारलेच पाहिजे. तो त्याचा हक्क आहे.

मूल जेवेनासे झाले, फोन टाळू लागले, ‘माझ्याने काही होणार नाही’ असे वरचेवर म्हणू लागले, तर ‘नखरे’ म्हणून सोडून देऊ नका. गावाहून फोन कराल तेव्हा जेवण झाले का, झोप लागते का, हे आधी विचारा. गुण रविवारनंतर सोमवारीही तेवढेच राहतात. आणि शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक, जो निःशुल्क आहे, अहोरात्र चालतो आणि जिथे मराठीत बोलता येते, तो मुलाच्या खोलीत त्या वेळापत्रकाशेजारी ठळक अक्षरांत स्वतःच्या हाताने लिहून या.