रगडलेला धातू: समज किती, सत्य किती?

शिरोली एमआयडीसीत धातूच्या ताकदीवर बोलणे निघाले, की ते बहुतेक वेळा रसायनावर येऊन थांबते. कार्बन किती, सिलिकॉन किती, मॅग्नेशियम नीट बसले का? ओतकामावर जगणाऱ्या भागात हे साहजिक आहे. पण मिश्रणात काडीचाही बदल न करता, नुसता दाबून, पिळून, रगडून धातू कितीतरी बळकट करता येतो. या तंत्राला ‘सिव्हिअर प्लास्टिक डिफॉर्मेशन’ म्हणतात आणि त्याच्याभोवती गैरसमज बरेच आहेत.

सगळ्यात जुना समज असा: तार पुढे-मागे वाकवली की तुटते, म्हणजे वाकवल्याने धातू कमजोर होतो. तार तुटते हे खरे. पण तुटण्याआधी ती कडक होते. तांब्याची मऊ तार एकदा वाकवा आणि सरळ करायला जा. ती वाकलेल्या जागी वळायचे सोडून शेजारी वळते. धातू बारीक ग्रेनचा, म्हणजे स्फटिककणांचा, बनलेला असतो आणि ग्रेनमधल्या अणूंच्या रचनेतले दोष सरकले की तो वाकतो. टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी १९३४ मध्ये हे स्वतंत्रपणे मांडले. वाकवत गेले की दोष वाढतात, एकमेकांत अडकतात आणि सरकणे अवघड होते. हुपरीच्या चांदी कारागिराला हे हाताने ठाऊक असते. ओढून कडक झालेली तार तो तावून मऊ करतो आणि मगच पुढे ओढतो.

मग रगडताना धातू तुटत का नाही? कारण तो चारही बाजूंनी दाबात धरलेला असतो, चिरेला उघडायला वाव मिळत नाही. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमनने प्रचंड दाबाखाली धातू पिळून पाहिले होते. उच्च दाबावरील कामासाठी त्याला १९४६चे नोबेल मिळाले. पुढे १९७०च्या दशकात सोव्हिएत संघात सेगल या संशोधकाने काटकोनात वळणाऱ्या डायमधून सळई ढकलायची पद्धत काढली. सळईची जाडी तीच राहते, म्हणून ती पुन्हा पुन्हा ढकलता येते. दर फेरीला ग्रेन बारीक होत जातो आणि शेवटी मायक्रॉनच्याही खाली उतरतो. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) यांच्या नियमानुसार ग्रेन शंभरपट बारीक झाला, तर ग्रेनच्या सीमांमुळे मिळणारी ताकद दहापट होते.

ताकद हवी तर मिश्रधातूच हवा, हा समजही इथे ढासळतो. असे रगडून ओढलेल्या शुद्ध टायटॅनियमची ताणशक्ती सुमारे ७०० मेगापास्कलवरून १,२०० च्या वर गेली आहे. त्यापासून दातांचे इम्प्लांट बनवले गेले, बळकटीसाठी व्हॅनेडियमसारखा दुसरा धातू न मिसळता.

मात्र बळकट झालेला भाग भाराखाली कमी लवेल, असे धरून डिझाइन करू नका. लवचिकतेचा गुणांक जवळपास तोच राहतो: ॲल्युमिनियमचा ७० गिगापास्कल, पोलादाचा २००. कमी लवणारा भाग हवा असेल तर आकार बदला किंवा धातू बदला. मिळवलेली ताकद कायमची, हेही खरे नाही. तापवले की ग्रेन पुन्हा वाढतो. शुद्ध ॲल्युमिनियमला त्यासाठी फार उष्णता लागत नाही. शिरोलीत बनणाऱ्या पिस्टनसारख्या गरम भागाला हा मार्ग नव्हे.

ग्रे आयर्नचे कास्टिंगही यात बसत नाही. त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांची टोके आधीच चिरेसारखी वागतात. एसजी आयर्नमध्ये ग्राफाइट गोल असतो, त्यामुळे ते थोडे दबते, आणि त्याचाच फायदा क्रँकशाफ्टला होतो. जर्नल आणि वेब जिथे मिळतात त्या फिलेटमध्ये कडक रोलर दाबून फिरवले, की पृष्ठभागात दाबाचा ताण साठतो. थकव्याची चीर बहुधा तिथूनच निघते. या दाबाने ती रोखली जाते. हे सेगलच्या डायइतके तीव्र रगडणे नव्हे, पण वाट तीच आहे आणि आपल्या आवाक्यातली आहे.

आता सर्वात महागात पडणारा समज: ‘आमच्याकडे शॉट ब्लास्टिंग आहे, म्हणजे पीनिंग झालेच.’ ब्लास्टिंग वाळू आणि पापुद्रे काढायला असते. पीनिंग पृष्ठभाग ठोकून घट्ट करायला असते. पुण्याच्या तांबट आळीतले मठारकाम याच जातीचे: हातोडीचे ठोके नक्षी उमटवतात आणि पत्राही कडक करतात. पीनिंगला शॉट गोलच लागतो. फुटलेल्या शॉटची धार पृष्ठभागावर खाच पाडते आणि तीच पुढे चीर होते. जोर मोजायला अल्मेन पट्टी असते, ७६ मिलिमीटर लांब, १९ रुंद, स्प्रिंग स्टीलची. ठोकळ्यावर चार स्क्रूंनी बसवून एकाच बाजूने शॉट मारतात. सोडवली की ती मार खाल्लेल्या बाजूला फुगते आणि त्या कमानीची उंची गेजवर वाचतात. हे रीडिंग नसेल तर पीनिंग झाले असे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही.

तेव्हा ड्रॉइंगवर ‘पीनिंग’ दिसले, तर कोटेशन देण्याआधी इंटेन्सिटी (ठोक्यांचा जोर) आणि कव्हरेज (ठोक्यांनी व्यापलेला पृष्ठभाग) किती हवे ते ग्राहकाला विचारा, आणि अल्मेनचे रीडिंग प्रत्येक लॉटच्या जॉबकार्डाला जोडा.