न पुसता स्वच्छ होणारी काच

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

लंडनच्या पश्चिमेला रेडिंग नावाचं शहर आहे. काही वर्षांपूर्वी मी तिथं मुलीकडे राहायला गेले होते. एका सकाळी दारासमोर छोटी व्हॅन थांबली. पन्नाशीचा एक माणूस उतरला, त्यानं व्हॅनमधून नळी ओढत आणली. हातातली काठी दुर्बिणीसारखी लांब करत वरच्या मजल्यापर्यंत नेली आणि टोकाच्या ब्रशनं काच घासायला सुरुवात केली. ब्रशमधूनच पाणी येत होतं. साबण नाही, फडकं नाही. पंधरावीस मिनिटांत सगळ्या खिडक्या भिजवून स्वारी शेजारच्या घराकडे वळलीसुद्धा! काचांवरून पाणी ओघळतच होतं. मी मुलीला म्हटलं, "अगं, हा पुसायचंच विसरला. पैसे देऊ नकोस हं त्याला." ती हसून म्हणाली, "आई, अर्ध्या तासानं बघ." अर्ध्या तासानं पाहिलं, तर काच कोरडी आणि लख्ख. एक डाग नाही.

मला माझंच हसू आलं. आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं, आणि साधी गोष्ट लक्षात आली नाही.

आपल्या स्वयंपाकघरातलंच पाहा. स्टीलचा पेला बोअरच्या पाण्यानं विसळून तसाच पालथा घातला, की वाळल्यावर त्यावर पांढरट ठिपके दिसतात. तो मळ नसतो. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. म्हणून तर आपण भांडी पुसून ठेवतो. रेडिंग, लंडन हा भाग चुनखडीच्या खडकांवर वसलेला. तिथल्या नळाच्या लिटरभर पाण्यात तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास क्षार असतात. एका खिडकीवर १०० मिलिलिटर पाणी राहून वाळलं, तर ३० मिलिग्रॅम क्षार काचेवर बसणार. म्हणजे काच पुसायची ती धुळीसाठी कमी आणि पाण्यासाठी जास्त! मग पाण्यातच काही नसेल, तर पुसायचं कशाला?

या एका प्रश्नानं तिथल्या खिडक्या पुसणाऱ्यांना शिडीवरून जमिनीवर आणलं.

त्यांचा धंदा समजून घ्यायचा तर आपल्याकडचा दुधाचा रतीब डोळ्यांसमोर आणावा. एकेका माणसाची ठरलेली घरं असतात. चार, सहा किंवा आठ आठवड्यांनी फेरी. या घरांच्या यादीला ते 'राउंड' म्हणतात, आणि ती विकतही घेतली-दिली जाते. पूर्वीचं साहित्य म्हणजे शिडी, बादली, साबणाचं पाणी, एक फडकं आणि 'स्क्वीजी', म्हणजे रबरी पट्टीचा हातात मावणारा वायपर. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एत्तोरे स्तेक्कोने या इटालियन माणसानं १९३६ साली पितळी स्क्वीजीचं पेटंट घेतलं, आणि आजही त्याच घडणीची स्क्वीजी जगभर वापरतात. तिनं काचेवरचं पाणी एका झोकात निपटून काढणं ही कला आहे. पण ती कला दाखवायला माणूस खिडकीपाशी पोचायला हवा. वरच्या खिडकीपाशी पोचायचं म्हणजे शिडी आली.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला मी त्या गृहस्थांना चहा विचारला, तेव्हा ते मोकळेपणानं बोलले. "दिवसाला पंधरा घरं धरा. प्रत्येक घराच्या वरच्या मजल्याला पाच-सहा खिडक्या. म्हणजे दिवसातून ऐंशी-नव्वद वेळा शिडी चढायची आणि उतरायची. त्यातली एकच वेळ चुकली तरी पुरते." त्यांच्याबरोबर काम करणारा एक सोबती ओल्या फरशीवर शिडी सटकून पडला होता. टाचेचं हाड मोडलं, धंदा सुटला. स्वतःचा धंदा करणाऱ्याला भरपगारी रजा कुठली? माणूस पडला, की घर पडतं.

चार फूट उंचीला शिडीचा पाय एक फूट बाहेर ठेवावा, हा तिथला जुना नियम. पण फुलांचा वाफा, उतार, शेवाळ यांना तो नियम ठाऊक नसतो. ग्रेट ब्रिटनमध्ये कामावर होणाऱ्या जीवघेण्या अपघातांत उंचीवरून पडणं हे आजही सर्वांत मोठं कारण आहे.

तिथं ६ एप्रिल २००५ पासून उंचीवरच्या कामांसाठी नवे नियम लागू झाले. शिडीवर बंदी आली, असा तेव्हा अनेकांचा समज झाला. पण तो खरा नाही. थोड्या वेळाच्या, कमी धोक्याच्या कामाला शिडी आजही चालते. नियमांनी फक्त प्रश्नांचा क्रम लावून दिला. पहिला प्रश्न : हे काम वर न चढता करता येईल का? येत असेल तर चढू नका. चढणं टळत नसेल, तर पडणार नाही अशी व्यवस्था करा. तीही पूर्ण शक्य नसेल, तर पडल्यास इजा कमीत कमी होईल असं पाहा. काठी आणि शुद्ध पाणी यांची जोडी आधीपासून बाजारात होतीच. पहिल्या प्रश्नाला "हो, येईल" असं उत्तर मिळालं, आणि नव्या पद्धतीला जोर आला.

आता हे पाणी शुद्ध कसं करतात? आपल्याकडे घरोघरी असतं तसंच आर.ओ. यंत्र, फक्त मोठं. आधी गाळ आणि क्लोरीन काढायचं, मग दाबानं पाणी पातळ पडद्यातून ढकलायचं. बहुतेक क्षार पडद्याअलीकडेच राहतात. उरलेल्यांसाठी 'रेझिन'च्या बारीक मण्यांनी भरलेली नळकांडी असते. त्यातले काही मणी क्षारांचे धनभारित कण धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन सोडतात. दुसरे मणी ऋणभारित कण धरतात आणि हायड्रॉक्सिल सोडतात. हे दोन्ही एकत्र आले, की पाणीच तयार होतं! शेवटी मीटर बुडवायचा. त्यावर शून्य दिसलं पाहिजे. आकडा चढायला लागला, की मणी बदलायची वेळ झाली. स्कॉटलंडसारख्या मृदू पाण्याच्या प्रदेशात नुसत्या मण्यांवरही काम भागतं. रेडिंगसारख्या ठिकाणी पडद्यावाचून मणी भराभर संपतात आणि धंदा तोट्यात जातो.

हे पाणी रात्रभर घरी तयार करून व्हॅनमधल्या टाकीत भरायचं. बॅटरीवर चालणारा छोटा पंप, शंभर मीटर बारीक नळी, काच-तंतूंची किंवा कार्बन-तंतूंची काठी आणि ब्रश. मिनिटाला दीड लिटर पाणी धरलं, तर ५०० लिटरची टाकी साडेपाच तास पुरते. आधी चौकट घासायची, मग काच, शेवटी वरून खाली धुऊन काढायचं आणि निघायचं. साबण वापरायचा नाही. साबणही वाळल्यावर डागच ठेवतो.

ऐकायला सोपं वाटतं, पण धंदा पालटणं सोपं नव्हतं. मोठी अडचण गिऱ्हाइकांची. माझ्यासारख्या संशय घेणाऱ्या घरोघरी होत्या. त्यातून पहिल्या एक-दोन फेऱ्यांना डाग खरोखरच पडत. चौकटीच्या कपारीत वर्षानुवर्षांची धूळ असते, ती नंतर काचेवर ओघळते. "पहिल्या दोन खेपांना मी सांगूनच ठेवत असे, डाग दिसला तर फोन करा, परत येऊन फुकट धुऊन देईन," ते म्हणाले. शहाण्यांनी अख्खा राउंड एका दिवसात बदलला नाही. धोक्याची घरं आधी काठीवर घेतली. दुकानांच्या काचा आणि घरातल्या काचा यांच्यासाठी स्क्वीजी ठेवलीच.

भांडवलही लागतं. शिडी आणि बादली घेऊन सुरू होणाऱ्या धंद्याला आता व्हॅन, टाकी, यंत्र हवं. आणि नवे धोके आलेच. ५०० लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन. टाकी व्हॅनला घट्ट बांधली नसेल, तर जोरानं ब्रेक दाबल्यावर ती चालकाच्या पाठीवर येते. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, म्हणून उघड्या तारांजवळ ती उभारायची नाही. रस्त्यावरच्या नळीत पाय अडकतो. दिवसभर वर बघून मान धरते. हिवाळ्यात पाणी गोठतं. आर.ओ. यंत्र बरंच पाणी वाया घालवतं, ते बागेला किंवा अन्य कामाला वापरलं तर बरं. हे सगळे धोके आहेत. पण ते जमिनीवर उभं राहून सांभाळता येतात.

काठीची मजल चार-पाच मजल्यांपर्यंत. त्यावर दोर किंवा पाळणा लागतोच. मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींवर दोराला लोंबकळणारी मुलं आपण पाहतो. तिथं काठी पुरणार नाही. दोर, पट्टा आणि शिक्षण यांवरच त्यांचा जीव अवलंबून आहे. पण दिवाळीच्या साफसफाईत दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या कठड्यावर उभी राहून बाहेरची काच पुसणारी कामवाली बाईही आपण पाहतो, आणि "जपून गं" एवढंच म्हणतो. तिला वर चढवण्याआधी तो पहिला प्रश्न आपणही विचारायला हवा : चढल्याशिवाय हे होणार नाही का?

निघताना मी त्या गृहस्थांना विचारलं, "जुनी शिडी काय केलीत?" ते म्हणाले, "गॅरेजमध्ये आडवी ठेवली आहे. आता तिच्यावर रंगाचे डबे असतात."