मस्कीची थडगी आणि हट्टीचे सोने

लातूर जिल्ह्यातल्या मुरुडची जमीन कितीही खणली तरी सोने लागणार नाही. लागेल तो काळा कातळ. हा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दख्खनमधल्या सोन्याच्या शिरा त्याहून फार जुन्या, अडीचशे कोटी वर्षांमागच्या धारवाडी खडकांत आहेत, आणि ते खडक उघडे पडतात ते रायचूरकडे. 1956 पर्यंत मुरुड आणि रायचूर एकाच हैदराबाद राज्यात होते. भाषेप्रमाणे वाटण्या झाल्या आणि लिंगसुगूर भागातली हट्टीची खाण व जवळचे मस्की मराठवाड्याच्या ओळखीतून निसटले. मस्कीला जुन्या वस्तीबरोबर एक प्राचीन दफनभूमीही आहे. सोन्याच्या मुलखातली थडगी म्हटल्यावर ती सोने काढणाऱ्यांचीच, असे मानण्याचा मोह होतो. पुरावा मात्र इतके सरळ बोलत नाही. त्या मुलखातली माणसे कशी जगली हे या थडग्यांतून कळते. खाणीत कोण उतरले याचा दाखला त्यांतून मिळत नाही.

आधी खाणीचे पाहू. गेल्या दीडशे वर्षांत इंग्रज कंपन्यांचे इंजिनिअर हट्टीला पोचले तेव्हा त्यांच्या आधीच कोणीतरी खडक पोखरून ठेवला होता, तोही थोडाथोडका नव्हे, सहाशे फुटांपेक्षा खोल. त्या जुन्या खोदकामात सापडलेल्या लाकडाचे कार्बन पद्धतीने वय काढले तेव्हा ते सुमारे दोन हजार वर्षांचे निघाले. सुरुंगाची दारू नसताना हे कसे जमले? शिरेला लाकडे लावून आग पेटवायची, खडक तापला की त्यावर पाणी ओतायचे आणि तडकलेले तुकडे छिन्नीने सोडवायचे. मग दगड कुटायचा, दळायचा आणि पाण्यात धुऊन जड सोने तळाशी बसवायचे. सराफ कट्ट्यावरची माती धुणारे झारेकरी करतात तेच काम, फक्त त्याआधी अख्खा डोंगर फोडायचा. टनभर दगडातून हाती लागणारे सोने काही ग्रॅमच. त्यासाठी जंगलभर लाकूड, बारमाही पाणी, घडलेले लोखंड आणि कुटणाऱ्यांना पुरेल एवढे धान्य लागते. चार धाडसी माणसांनी उरकावे असे हे काम नाही, त्यामागे नांदते गाव लागते.

ते गाव मस्कीच्या उत्खननात दिसते. 1954 मध्ये बी. के. थापर यांनी केलेल्या खोदकामात खालच्या थरात दगडी पात्यांची आणि थोड्या तांब्याची वस्ती निघाली, त्यावर लोखंड वापरणाऱ्या महापाषाण काळातील लोकांची. मृताला खड्ड्यात ठेवायचे, सोबत काळी-तांबडी मडकी आणि लोखंडी वस्तू ठेवायच्या आणि वर मोठ्या दगडांचे कडे रचायचे, ही त्या काळची दक्षिणेतली रीत. निजाम सरकारचे भूगर्भशास्त्रज्ञ लिओनार्ड मन्न यांना जुन्या खाणी आणि अशी थडगी जवळजवळ आढळली आणि त्यांनी दोहोंचा संबंध जोडला. कल्पना आकर्षक होती. सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या एका जमातीची गोष्टच त्यातून उभी राहत होती.

पण अशी शिळावर्तुळे नागपूरभोवती जुनापाणी आणि माहुरझरीलाही आहेत, आणि ती काही सोन्याच्या खाणींच्या काठी नाहीत. नाईकुंडला तर सापडली ती लोखंड गाळण्याची भट्टी. दुसरे असे की ही थडगी बहुतांशी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, आणि हट्टीचे लाकूड त्यानंतरचे. यावर कोणी म्हणेल, लाकडाचे वय खोल भागाचे आहे, वरचे खोदकाम त्याआधीचे असणारच. हा आक्षेप रास्त आहे. शिरा वरून खाली खणत जातात. थडग्यांत सोने फारसे नाही म्हणून ती खाणकामगारांची नव्हेत, असेही म्हणता येत नाही, कारण सोने काढणाऱ्याच्या अंगावर सोने क्वचितच उरते. मग ते सोने गेले कुठे? 1915 मध्ये मस्कीला अशोकाचा शिलालेख सापडला, तो सोने शोधत फिरणाऱ्या सी. बीडन या इंजिनिअरला. अशोकाच्याच ब्रह्मगिरीच्या लेखात सुवर्णगिरीच्या राजपुत्राचा उल्लेख येतो, आणि काही अभ्यासक ते ठिकाण मस्कीच्याच आसपास शोधतात. म्हणजे माल राजाच्या कोठारात गेला असेल. पण या दोन्ही आक्षेपांतून सिद्ध होते ती शक्यता. त्या शक्यतेला पुरावा समजलो की थडग्यातल्या मडक्यांकडे, विळ्या-कोयत्यांकडे, म्हणजे शेतीकडे आणि लोहारकामाकडे लक्षच जात नाही, आणि खाण टिकली ती त्यांच्याच जोरावर.

हा वाद नुसता पंडितांचा नाही. जुन्या थडग्याखाली गुप्तधन असते या समजुतीने गावोगावची शिळावर्तुळे पहारीने उकरली गेली आहेत. उकरणाऱ्याला हाती लागतात ती खापरे, आणि कोणती वस्तू कोणत्या थरात होती हा एकमेव पुरावा कायमचा जातो. हट्टीची खाण आज कर्नाटक सरकारची कंपनी चालवते, तिथल्या सोन्याचा हिशेब ग्रॅमपर्यंत ठेवला जातो. थडग्यांची नोंदही तितक्याच काटेकोरपणे ठेवायला हवी. सोने वितळले की ते कुठले, कोणी काढले, याची खूण पुसली जाते. खाणीभोवती राहिलेल्या माणसांचा पुरावा त्यांच्या वस्तीत आणि थडग्यांतच उरतो.